पोरं शिकणार कुठे आणि पैसा जातो कुठे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेरोजगारीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, आजकालच्या पोरांना काम नको, फक्त मोबाईल पाहिजे. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, आधी ग्रिल आणि शेडची कामं करायचो, आता काही वर्षांपासून जास्त करून सोलरचं स्ट्रक्चर आणि फिटिंग, माझ्यासकट नऊ माणसं आहेत, आणि इतक्या वर्षांत माझ्याकडे जेवढी पोरं आली गेली त्यांच्यावरून सांगतो, हे खरं नाहीये. पोरांना काम पाहिजे. पण काम शिकायला जी जागा लागते तिथे सरकारचा पैसा पोचत नाही आणि जिथे पोचतो तिथे शिकण्यासारखं काम नसतं, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय.

माझ्याकडे सध्या येवल्याकडचा एक पोरगा आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड चांगल्या मार्कांनी पास. २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीवाल्याला १० हजार महिना, आधी ६ महिने आणि मग ५ महिने वाढवून ११ महिने, त्यात त्याचा नंबर लागला. त्याला एका सरकारी ऑफिसात बसवलं. (कुठलं ते लिहीत नाही, तिथले लोक त्याच्याशी चांगलेच वागले.) तिथे त्याने काय केलं तर याद्या टाईप केल्या, झेरॉक्स काढल्या, कपाटातल्या फायली नंबराप्रमाणे लावल्या. घरी दर महिन्याला ८ हजार जात होते, त्याच्या बहिणीची फी त्यातून भरली गेली, म्हणून मी योजनेला नावं ठेवणार नाही. पण ११ महिने संपल्यावर तो माझ्या गाळ्यात आला आणि मी हातात मीटर देऊन म्हटलं पॅनलचं व्होल्टेज बघ, तर त्याने मीटर एसीवर ठेवला. पॅनलमधून डीसी निघतो हे त्याला पुस्तकात माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. दोन वर्षांत शिकलेलं अकरा महिन्यांत विसरला बिचारा, आणि त्यात त्याची काय चूक?

मग माझ्याकडेच अशा पोरांना का नाही पाठवत, असं कोणी विचारेल. तर त्या योजनेत कंपनीची ईपीएफ (म्हणजे कामगारांचा पीएफ), ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), जीएसटी अशी सगळी नोंदणी लागते, आणि ईएसआयसी लागू होतं १० माणसांपासून, पीएफ २० पासून. आम्ही नऊ जण. वर उद्योगाला माणसं घेता येतात ती आहे त्या माणसांच्या १० टक्के, नऊचे १० टक्के म्हणजे एक पोरगासुद्धा पुरा होत नाही. अंबड आणि सातपूरला माझ्यासारखे किती गाळे आहेत ते कोणीही एक चक्कर मारली तरी बघू शकतं, लेथवाले, पावडर कोटिंगवाले, मोटार रिवाइंडिंगवाले, कोणाकडे चार माणसं कोणाकडे सात. मोठ्या कंपन्यांचे पार्ट इथूनच जातात. हात काळे करून काम शिकायचं असेल तर याच्याइतकी चांगली जागा कुठली नाही, आणि नेमकं याच जागेला दार बंद.

अप्रेंटिसशिपचं दार उघडं आहे हे मान्य. ४ ते २९ माणसांच्या जागेला अप्रेंटिस ऐच्छिक, ३० पासून पुढे बंधनकारक, आणि केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडचा चौथा हिस्सा पण जास्तीत जास्त १५०० रुपये महिना मिळतात. रचना बरोबर आहे, पण १५०० रुपयांत छोट्या माणसाचं भागत नाही, कारण नवीन पोरगा पहिले सहा महिने मालकाला महागच पडतो. पाईप एक इंच कमी कापला की अख्खा पीस भंगारात. भोक इकडचं तिकडे पडलं की क्लॅम्प बसत नाही. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाईपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो जस्त जळाल्याचा धूर असतो, नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे त्याला सांगावं लागतं, मास्क लावायला दहादा ओरडावं लागतं. आम्ही शक्यतो नटबोल्टवरच जोडतो, आणि वेल्डिंग करावंच लागलं तर वरून कोल्ड गॅल्वचा, म्हणजे जस्ताच्या रंगाचा, हात मारतो, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात जोडाला गंज धरतो. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे म्हणून पॅनल तेवढ्याच उतारावर आणि दक्षिणेकडे तोंड करून लावायचे, पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते ते आधी उभं राहून बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरीत करंट असतोच, मेन स्विच पाडला म्हणजे झालं असं नसतं. हे कुठल्याही सर्टिफिकेटात येत नाही, ते वर पत्र्यावर माझ्या मिस्त्रीच्या शेजारी बसून येतं. आणि तो मिस्त्री शिकवत असतो तेव्हा त्याचं स्वतःचं काम निम्म्यावर येतं, त्याची भरपाई कोण देणार?

आता याच पोराची दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे सगळं ग्रीन-ग्रीन म्हणतात त्या सोलरच्या कामांना का जोडतोय ते कळेल. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मामाचा, चांदवडकडचा, फोन आला. सोलर पंप बंद, उन्हाळ कांद्याची लागवड नुकतीच झालेली, कंपनीकडे तक्रार करून नऊ दिवस झालेले आणि माणूस आलेला नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला पंप, शेतकऱ्याने १० टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, बाकी सरकार भरतं, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीने करायची. योजना खरंच चांगली आहे, रात्री-बेरात्री बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जाणं सुटतं, निफाड-सिन्नरकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण वॉरंटी आहे म्हणून दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटी कंपनीचा फोनवरचा माणूसच म्हणाला की कोणी जाणकार असेल तर उघडून फोटो पाठवा. आमचा पोरगा रविवारी बसने गेला. एका पॅनलच्या मागचं एमसीफोर कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडायचा प्लग, नीट बसवलेलंच नव्हतं, टिक असा आवाज येईपर्यंत ते दाबायचं असतं, अर्धवट राहिल्यामुळे गरम होऊन वितळलं होतं. किरकोळ किमतीची वस्तू. फोटो पाठवला, फोनवरच्या माणसाने हो म्हटलं, याने बदललं, पंप चालू. नऊ दिवस रोपं पाण्याविना, कोमेजलेली काही उठली काही नाही उठली. तो परत आला तेव्हा कांद्याची एक पिशवी घेऊन आला, मामाने दिलेली, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी मान वर करून बोलतो. मीटर चुकीचा ठेवणारा हाच पोरगा, फक्त मधे सात महिने काम केलेला.

चांदवड, येवला, नांदगाव, सुरगाणा, कळवण, प्रत्येक तालुक्यात आता असे पंप आहेत. घरांच्या गच्चीवर पीएम सूर्यघरचे पॅनल चढतायत, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान, देशात १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटींची योजना. पैसा कमी नाहीये. पण हा सगळा पैसा वस्तू बसवायला आहे, ती वस्तू पुढची वीस-पंचवीस वर्षं चालवणारा माणूस तयार करायला वेगळा पैसा कुठे दिसत नाही, आणि दुसऱ्या खात्यातून पोरांना स्टायपेंड दिला जातो तो याद्या टाईप करायला. एक खातं पॅनल देतं, दुसरं स्टायपेंड देतं, तिसरं जिल्हा उद्योग केंद्रातून कर्जाची सबसिडी देतं, तिघांची एकमेकांशी गाठच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सरकार ज्या कंपनीला पंप बसवायचं काम देतं तिला अट घाला की प्रत्येक तालुक्यात एका स्थानिक वर्कशॉपला दुरुस्तीचं काम ठरलेल्या दराने द्यायचं, त्याच्याकडे सुटे भाग ठेवायचे, आणि त्या वर्कशॉपने आयटीआयची दोन पोरं वर्षभर ठेवायची. त्या पोरांचा निम्मा पगार पहिलं वर्ष सरकारने भरावा, बाकीचा आम्ही भरतो, त्यासाठी माणसांची संख्या आणि पीएफ नंबर बघू नका, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी बघा, काम चालतंय का ते प्रत्यक्ष येऊन बघा. ११ महिने स्टायपेंड सरकारने दिलाच, मी वेगळा खजिना मागत नाहीये, फक्त तो ऑफिसातल्या खुर्चीवरून गाळ्यात आणा.

आणि यात पोरींना धरा. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला मुली आहेत, माझ्याकडे दोघी चौकशीला आल्या होत्या, मी घ्यायला तयार होतो पण गाळ्यांच्या लाईनीत बायकांसाठी एक संडास नाही. एवढ्या एका गोष्टीमुळे त्या गेल्या. हे मला अजून डाचतं.

कुंभाचंही बोललं पाहिजे. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, ऑगस्ट २०२७पासून अमृतस्नानं, त्याच्यासाठी रेलिंग, तात्पुरती शेड, संडास, दिवे, कचऱ्याचे डबे, पाण्याचे स्टँड, म्हणजे आमच्या हातातलीच कामं लागणार. पण टेंडर इतकं मोठं निघतं की आम्ही फॉर्मसुद्धा भरू शकत नाही, मग बाहेरचा ठेकेदार घेतो, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला आणि शेवटी वेल्डिंग करतो अंबडचाच माणूस, निम्म्या पैशात. २०१५च्या कुंभात मी रेलिंगचं काम असंच तिसऱ्या हाताने घेतलं होतं, बिलाचे पैसे चौदा महिन्यांनी आले, तोवर बायकोचे दागिने बँकेत होते. कायदा म्हणतो छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्या, २००६चा कायदा आहे, आणि केंद्र सरकारच्या खात्यांना वर्षाच्या खरेदीतला ठरलेला हिस्सा छोट्या उद्योगांकडून घ्यायचं धोरण २०१२पासून आहे, आता तो हिस्सा २५ टक्के आहे. तशीच काही कामं इथे लहान तुकडे करून नाशिकच्या गाळेवाल्यांना थेट द्या, पैसे वेळेत द्या. पर्वणी झाली की दिवे आणि पॅनल भंगारात न घालता जिल्हा परिषदेच्या शाळांवर चढवा, ते चढवायला पोरं लागतीलच. आणि कुंभासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा माझ्यासारखा कधी बाहेर न पडणारा माणूससुद्धा अस्वस्थ झाला, जुनं झाड तोडून ग्रीन कुंभ म्हणता येणार नाही.

लोन घेऊन स्वतःचं काढा असं पोरांना सांगणारे पुष्कळ भेटतात. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के सबसिडी आहे, चांगलीच आहे, पण ज्याने अजून एक पत्रासुद्धा स्वतः चढवला नाही त्याने कर्ज काढून काय करायचं. आमच्या या पोराला काढायचंय स्वतःचं, येवल्यालाच, पंप दुरुस्तीचं. मी त्याला म्हटलंय अजून एक वर्ष थांब, गिऱ्हाईक ओळखू दे, उधारी वसूल करायला शीक, मग बँकेत मी स्वतः सोबत येतो. तो गेला की माझं नुकसानच आहे. तरी जाऊ दे त्याला.

आपल्या पेपरातून हे जिल्हाधिकारी आणि मंत्र्यांपर्यंत जावं म्हणून लिहितोय. त्यांना वेळ असेल तर अंबडला या, सकाळी साडेनऊला शटर उघडतो. आयटीआयच्या सरांनाही सांगायचंय की माझ्याकडे आत्ता दोघांची जागा आहे, स्टायपेंड मिळो ना मिळो, १२ हजार मी देईन आणि दुपारचा डबा. संडासाचं बघतोय, शेजारच्या तीन गाळेवाल्यांशी बोलणं झालंय, वर्गणी काढून बांधतोय. पत्ता आणि फोन आपल्या ऑफिसला कळवलाय.

आपला,
एक वर्कशॉपवाला, अंबड, नाशिक