आजोबांच्या शेजारची खुर्ची

कॉव्हेंट्री,
28 एप्रिल 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते, बाबा मागून थंडीचं विचारतात आणि बोलणं तिथेच संपतं. काही गोष्टी लिहिल्याशिवाय सांगून होत नाहीत.

आधी काळजीचं. तब्येत उत्तम आहे, खोकला गेला. गेल्या रविवारी मी लंडनला फुटबॉलची मॅच बघायला गेले हे कळल्यावर आईला झोप लागली नाही, असं सुजयनं सांगितलं. आई, मी एकटी नव्हते गं. शेजारचे आजोबा होते, ऑफिसातले चौघे होते, त्यातला एक तर आपल्या साताऱ्याचा. जागोजागी पोलीस होते आणि दारू पिऊन कुणी अंगावर आलं नाही. पैसेही उधळले नाहीत. दोन महिने बाहेर जेवले नाही, त्यातून तिकीट काढलं.

बाबा, तुम्ही विचारलंत, क्रिकेट सोडून हे काय नवीन? कॉव्हेंट्रीचा हा फुटबॉल क्लब तुमच्यासारख्यांनीच काढला आहे. 1883 साली सिंगर सायकल कारखान्यातल्या विल्यम स्टॅन्ली नावाच्या कामगारानं सोबत्यांना जमवलं आणि संघाचं नाव ठेवलं 'सिंगर्स'. (आई, तुझ्या शिवणयंत्राची सिंगर वेगळी. ही जॉर्ज सिंगर यांची, सायकलींची.) 1898 मध्ये त्याचं 'कॉव्हेंट्री सिटी' झालं. तुम्ही पहिली पाळी संपवून कामगार कल्याणच्या कबड्डीला उतरायचात, घरी गुडघे सोलून यायचात, ते मला इथे आठवतं.

आणि जिमी हिल यांचं ऐका, तुम्ही युनियनवाले म्हणून मुद्दाम सांगते. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला आठवड्याला 20 पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही, असा नियम होता. मैदान कितीही भरो. हिल खेळाडूंच्या युनियनचे अध्यक्ष होते. त्यांनी संपापर्यंत ताणलं आणि जानेवारी 1961 मध्ये ती मर्यादा उठली. त्याच वर्षाअखेरीस ते इथे मॅनेजर म्हणून आले. तिसऱ्या गटातला संघ 1967 मध्ये त्यांनी पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटात नेला. आकाशी रंगाचा पोशाख त्यांचाच, बाहेरगावच्या सामन्यांना खास रेल्वे सोडायची कल्पनाही त्यांचीच. पुढे 34 वर्षं संघ त्या गटात टिकला. 1987 ला एफए कपही (इथली क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, टॉटनहॅमला 3-2 हरवून. कीथ हाउचेनचा सूर मारून डोक्यानं केलेला गोल आजोबा मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला धरून वाकून दाखवतात. निर्णायक गोल मात्र टॉटनहॅमच्याच गॅरी मॅबटच्या गुडघ्याला लागून आत गेला.

आता मला पहिलं वर्षभर न उमगलेली गोष्ट. इथे सीझन तिकीट असतं. वर्षभराच्या घरच्या सगळ्या सामन्यांचे पैसे आधीच भरायचे. खुर्ची ठरलेली. संघ हरो, पाऊस पडो, तीच खुर्ची, आजूबाजूला तीच माणसं. बाबा, कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची खिडकी तुमची, तिथे नवा माणूसही बसायचा नाही, तसं समजा. आणि संघ हरायला लागला म्हणून कुणी दुसरा संघ धरत नाही. हे मी आजोबांना एकदा विचारलं. वीसेक मैलांवर बर्मिंगहॅमचे मोठे संघ आहेत, तिकडे का जात नाही? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला, तेव्हा ते म्हणाले, "पण मी तर इथला आहे."

हा संघ हरलाही फार. 2001 ला वरच्या गटातून गेला, घसरत घसरत 2017 ला चौथ्या गटात पोचला. जुनं हायफील्ड रोडचं मैदान 2005 मध्ये सुटलं, तिथे आता घरं आहेत. नवीन मैदान स्वतःचं नव्हतं. भाड्याच्या भांडणात 2013 मध्ये अशी पाळी आली की 'घरचे' सामने पन्नासहून जास्त किलोमीटरवर नॉर्थॅम्प्टनला. बहुतेकांनी तिथे पाय ठेवला नाही. सामन्याला जेमतेम दोन-अडीच हजार माणसं. तिथल्या मैदानाबाहेर एक टेकाड आहे. क्लबच्या मालकांना पैसे द्यायचे नाहीत, पण पोरांना एकटंही सोडायचं नाही, म्हणून काही लोक त्या टेकाडावर उभे राहून सामना बघायचे. आजोबा त्यांतले. छत्री, थर्मास आणि जेवढा दिसेल तेवढा सामना.

तर या आजोबांकडे दोन सीझन तिकिटं आहेत. दुसरं त्यांच्या मुलाचं. तो 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला. नॉर्थॅम्प्टनचा काळ सोडला तर ते दरवर्षी दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरतात. मी विचारलं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनीच दार वाजवलं, शनिवारी मोकळी आहेस का म्हणून. तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसते. मध्यंतरात ते पिशवीतून दोन मग काढतात. एकाच्या कानाला तडा आहे. तो स्वतःला घेतात.

गेल्या रविवारी एफए कपची उपांत्य फेरी होती, लंडनच्या वेम्बली मैदानावर, समोर मँचेस्टर युनायटेड. सत्तर मिनिटांपर्यंत 0-3. मग सिम्सनं गोल केला, मग ओहेअरनं, आणि नव्वद मिनिटं उलटल्यावर, भरपाईच्या वेळेत हाजी राइटनं पेनल्टीवर 3-3 केले. बरोबरी म्हणून मिळालेल्या पुढच्या अर्ध्या तासात, अगदी शेवटच्या मिनिटाला आमचा चौथा गोल झाला, आजोबांनी माझा हात घट्ट धरला, आणि मग पंचांनी कॅमेऱ्यात बघून तो ऑफसाइड म्हणून रद्द केला, आमचा खेळाडू पायाच्या बोटाएवढा पुढे होता म्हणे. पेनल्टींवर हरलो. येताना गाडीत कुणी फार बोललं नाही. घराशी आल्यावर आजोबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मुलाचा मेसेज होता, तिकडे पहाटेपर्यंत जागून बघत होता. उत्तर काय लिहू, त्यांनी मला विचारलं.

आता महत्त्वाचं. या महिन्यात 60 हजार पाठवलेत, 40 फ्लॅटच्या हप्त्याला, बाकीचे सुजयच्या हॉलच्या बुकिंगला. कमी पडले तर मला सांगा, मामांकडे मागू नका. लग्नाला मी येणार, पण रजा नऊच दिवसांची मिळते आहे. साखरपुड्याला जमणार नाही. आई, खरेदी माझ्यासाठी थांबवू नकोस, हिरवा शालू घे.

नाशिकच्या मुलाशी मी बोलले. चांगला आहे. त्यानं सरळ विचारलं, परत कधी येणार? मी खरं तेच सांगितलं, आणि तुम्हालाही ते सांगायला हवं. कंपनीनं आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं आणि मी मार्चमध्येच हो म्हटलं. फोनवर तीनदा सांगायला गेले, तोंडातून निघालं नाही. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही मी नव्हते. त्यानं घरी विचारून कळवतो म्हटलंय. त्याला दोष देऊ नका.

सुजय म्हणत होता, माझ्या स्कूटीचा विमा बाबांनी याही वर्षी भरला, आणि दर रविवारी खाली जाऊन ती सुरू करून ठेवतात. विकून टाका, असं मी दोनदा लिहिलं आणि खोडलं. बाबा, विकू नका. डिसेंबरात मला लागेल. फक्त किक मारताना गुडघा सांभाळा.

तुमची,
मीनल