काच पुसण्याआधी हवा तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली 14 वर्षे अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात राहते आणि आपल्या वृत्तपत्राची इंटरनेट आवृत्ती रोज वाचते. आमच्या ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांनी इकडे जुनी घरे विकत घेतली आहेत आणि त्यांपैकी काहींना घराबरोबर आधीच्या मालकाचा पेलेट स्टोव्हही मिळाला आहे. ऑक्टोबर उजाडला की त्यांच्याकडून मला हमखास एकच प्रश्न येतो: स्टोव्हची काच काळी पडते, ती कशाने पुसायची? काच पुसण्यापासून सुरुवात केली की खरा बिघाड तसाच राहतो आणि त्यातून घरात धोका शिरतो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली घट्ट करून केलेल्या, सुमारे 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्या स्टोव्हच्या हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट साठवण्याच्या पेटीत, ओतल्या की ऑगर नावाचा मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या करून जळणाच्या छोट्या लोखंडी वाटीत टाकतो. वाटीच्या तळाला भोके असतात आणि त्यांतून हवा वर येते. ही हवा कोणी आत फुंकत नाही. धूर बाहेर टाकणारा पंखा स्टोव्हच्या शेवटच्या टोकाला असतो आणि तो ओढ निर्माण करतो, त्या ओढीने हवा आत खेचली जाते. एवढी एक गोष्ट नीट लक्षात आली की पुढचे बहुतेक बिघाड आपले आपल्यालाच शोधता येतात.

ज्यांच्या लहानपणी घरात कंदील होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वात फार वर सरकवली की ज्योत लांबट आणि तांबूस होई, टोकाला धुराची शेंडी येई आणि काच काजळून जाई. आजी काच पुसण्याआधी वात खाली करी, कारण तेल जास्त आणि हवा कमी झाली आहे, हे तिला ज्योतीकडे पाहूनच कळत असे. पेलेट स्टोव्हचे गणित अगदी तेच आहे. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला कमीत कमी सुमारे 6 किलो हवा लागते आणि प्रत्यक्षात स्टोव्हला त्याहूनही बरीच जास्त द्यावी लागते. ती मिळाली की ज्वाळा पिवळसर पांढरी, आखूड आणि चपळ असते. न मिळाल्यास ती नारिंगी व सुस्त होते, टोके काळी दिसतात आणि अर्धवट जळलेला कार्बन काचेवर जाऊन बसतो. काचेवर दोन-तीन दिवसांत करड्या किंवा फिकट तपकिरी राखेचा पातळ थर बसला, तर त्याची चिंता करू नये. तो पुसला की झाले. मात्र काही तासांत काच डांबरासारखी काळी होत असेल, तर दोष काचेत नाही.

आमच्या घरी तिसऱ्या हिवाळ्यात नेमके हेच घडले. सकाळी पुसलेली काच दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत काळी होऊ लागली आणि वाटीतून न जळलेले पेलेट ओसंडून राखेच्या ट्रेमध्ये पडू लागले. आम्ही पेलेट बदलून पाहिले. मग दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. त्याने स्टोव्ह पेटवणारा इग्नायटर बदलला, मोठे बिल दिले आणि तो गेला. इग्नायटरचे काम स्टोव्ह पेटेपर्यंतच असते आणि आमचा स्टोव्ह तर व्यवस्थित पेटत होता, हे आमच्या तेव्हा लक्षात आले नाही. दोन दिवसांनी माझे यजमान बर्फ बाजूला करून घरामागे गेले आणि त्यांनी बाहेरून हवा घेणाऱ्या, जेमतेम दोन इंच व्यासाच्या नळीत टॉर्च मारून पाहिले. नळीच्या तोंडावरची जाळी कुरतडलेली होती आणि आत उंदराने भिंतीतल्या इन्सुलेशनचा गुलाबी कापूस व पाइनच्या सुया कोंबून घरटे केले होते. ते मूठभर घरटे तारेच्या आकड्याने ओढून काढले, नवी जाळी बसवली आणि त्याच संध्याकाळी ज्वाळा पूर्वीसारखी झाली.

त्या अनुभवानंतर मी तपासणीचा क्रम ठरवून घेतला आहे. सगळ्यात आधी स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्यावा आणि जळणाची वाटी बाहेर काढावी. तिच्या तळाला वीटभट्टीतल्या खंगरासारखा कडक थर धरला असेल, तर तो खरवडून प्रत्येक भोक खिळ्याने किंवा ड्रिलच्या बारीक पात्याने मोकळे करावे. वाटी परत ठेवताना ती आपल्या खाचेत नीट बसली पाहिजे, नाहीतर हवा भोकांतून न येता कडेने निसटते. दाराच्या गास्केटचेही, म्हणजे फट बुजवण्यासाठी दाराच्या कडेने बसवलेल्या दोरीचेही, तसेच आहे. दारात एक नोट धरून दार बंद करावे आणि नोट ओढून पाहावी. ती सहज सरकून आली, तर तेवढ्या जागी दोरी दबून गेली आहे असे समजावे. गास्केट गळत असली तर स्टोव्हमध्ये हवा शिरते, पण जळणाला वळसा घालून जाते, आणि म्हणून हवा भरपूर असूनही आग गुदमरते.

ज्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात दुर्लक्ष होते, ती गोष्ट म्हणजे मागच्या बाजूच्या धुराच्या वाटा. चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असते, पण आमच्याकडे हिवाळ्यात तीन टन, म्हणजे 40 पौंडांची 150 पोती जळतात. एक टक्का धरली तरी ती 27 किलो राख झाली आणि ती सगळीच काही ट्रेमध्ये पडत नाही. पिठासारखी बारीक राख ज्वाळेबरोबर उडते आणि आतल्या पत्र्यांमागे, पंख्याच्या पात्यांवर व धुराड्याच्या वळणांत साचत जाते. ट्रे रोज रिकामा करणारी माणसेही ते पत्रे वर्षानुवर्षे काढत नाहीत, आणि मग ओढ इतक्या हळूहळू कमी होते की बिघाड कधी सुरू झाला हे कोणालाच सांगता येत नाही. मी दर टनामागे एकदा आतले पत्रे काढून घेते आणि हंगाम संपल्यावर पंखा व धुराडे पूर्ण साफ करून घेते. मे 2020पासून येथे नव्या स्टोव्हच्या धुरातील कणांवर ताशी 2 ग्रॅमची मर्यादा आहे, परंतु कोंदलेला स्टोव्ह, कितीही नवा असला तरी, ती पाळू शकत नाही.

पेलेटचा दोष त्यानंतर पाहावा. ओल लागलेले पेलेट फुगतात, हातात सहज चुरतात आणि धूर करतात. पोत्याच्या तळाशी भुगा साचला असेल, तर तो हॉपरमध्ये ओतू नये. दिवसभर स्टोव्ह सर्वांत मंद ठेवल्यानेही काच काळवंडते. काचेवरून हवेचा पातळ पडदा सोडून ती स्वच्छ ठेवण्याची रचना स्टोव्हमध्ये असते, पण मंद आगीत तो पडदा दुबळा पडतो. अशा वेळी दिवसातून एकदा अर्धा तास आग मोठी करावी.

एवढे झाल्यावर काच पुसावी. काच थंड असावी, आणि ओल्या वर्तमानपत्राचा बोळा बारीक राखेत बुडवून फिरवला तर कोणतेही महागडे रसायन लागत नाही. भांडी राखेने घासणाऱ्या घरांत वाढलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. राख काढायला घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र कधीही वापरू नये. राखेत एखादा निखारा कितीतरी तास जिवंत राहतो आणि क्लीनरच्या पिशवीत तो पेट घेऊ शकतो.

हा विषय सर्वस्वी परदेशाचा आहे असेही नाही. महाराष्ट्रात खानावळींच्या स्वयंपाकघरांत पंख्याच्या पेलेट चुली दिसतात आणि त्यांत अनेकदा शेतातल्या काडीकचऱ्याचे पेलेट वापरले जातात. त्यांत लाकडापेक्षा राख बरीच जास्त असते, शिवाय पोटॅशियममुळे ती लवकर वितळून खंगर धरते, म्हणून तेथे वाटीची भोके अधिक वेळा साफ करावी लागतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. हवा कमी पडली की काजळीबरोबर हा वायूही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दाराची गास्केट किंवा धुराड्याचा सांधा गळत असेल तर तो खोलीत येतो. घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा गजर लावलेला असावा. तो वाजल्यास स्टोव्ह बंद करण्यातही वेळ न घालवता सर्वांनी घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन करावा. मागच्या फेब्रुवारीत आमच्या एका स्नेह्यांनी काळी काच आठवडाभर रोज पुसली आणि त्याच खोलीत आपली दोन मुले झोपवली. त्यांच्या घरी गजर नव्हता. आता तीन आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, न्यू हॅम्पशायर