मंत्रिमहोदय, माझ्या वाटणीची तीन झाडे कुठे आहेत?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे सुरूर-वाई रस्त्यावर इझल घेऊन गेलो, तेव्हा ज्या वडाखाली ३१ वर्षे बसत आलो त्याचा बुंधा तेवढा उरला होता आणि त्यातून पांढरा चीक अजून ठिबकत होता. रुंदीकरण पलीकडच्या बाजूने होईल, इकडचे वड राहतील, असा शब्द आपल्या अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या बैठकीत सर्वांसमक्ष दिला होता. इतिवृत्तात तसे वाक्य नाही, असे आता सांगण्यात येते. चहा-बिस्किटांची नोंद असेल बहुधा.

मी निसर्गचित्रकार आहे. वाईला येणारे चित्रकार ढोल्या गणपतीच्या घाटावर किंवा मेणवलीला कृष्णेकाठी बसतात. मीही बसलो, पण मला रंग शिकवला तो या रस्त्याने. सावली काळी नसते हे कलाशाळेत ऐकले होते. ते पटले ते इथे, चैत्रातल्या एका दुपारी पारंब्यांखालची धूळ जांभळी दिसली आणि मागचा पांडवगड उन्हात विरून कोऱ्या कागदाइतका फिका झाला तेव्हा. आज माझे वय ६८ आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली त्याच दिवशी रिक्षा करून मी या वडाखाली आलो, कारण नव्या डोळ्याला रंग खरे दिसतात की नाही हे ताडून पाहायला माझ्यापाशी दुसरे माप नव्हते. ते माप आपण करवतीने कापलेत.

त्याबदल्यात रोपे लावणार, असे कळते. २०१९ साली राज्य सरकारने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. राज्याच्या लोकसंख्येने भागले तर माणशी जवळपास तीन झाडे येतात. माझी तीन कुठे आहेत, तेवढे कळवावे. ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानण्याची तरतूदही २०२१ मध्ये झाली, परंतु ती नागरी भागापुरती. वड ग्रामपंचायतीच्या हद्दीत उगवला, हा त्याचा गुन्हा ठरला.

निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१ साली रंगवलेले फ्लॅटफर्डचे नदीकाठचे घर इंग्रजांनी आजही जपले आहे. आपल्याकडे निसर्गचित्र दालनात टांगायचे आणि निसर्गाचे टेंडर काढायचे, हीच रीत दिसते, मग सरकार कोणाचेही असो. आपल्या दालनात माझे एखादे चित्र असल्यास कृपया उतरवून ठेवावे.

मागणी एकच आहे: उरलेल्या वडांबद्दलचा शब्द या वेळी लेखी, सहीशिक्क्यानिशी द्यावा. तुमच्या माणसांनी त्यांच्या खोडांवर लाल आकडे टाकून ठेवले आहेत. रंग तेलाचा आहे, सालीत मुरला की निघत नाही. तेवढे मला कळते.

आपला,
एक निसर्गचित्रकार, वाई