प्रक्षेपण बंद करण्याची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सार्वजनिक प्रसारण संस्थांनी डिजिटल माध्यमांशी जुळवून घ्यावे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. श्रोते मोबाइलकडे वळले असतील, तर नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांनीही तिकडे जायलाच हवे. मात्र या बदलाच्या नावाखाली आधी काय मोडीत निघते आणि कोणते काम वर्षानुवर्षे मागे पडते, याची चर्चा क्वचितच होते, म्हणून हे पत्र.

नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय नभोवाणी वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने थांबवले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2024 च्या अखेरीस तेच केले आणि तिचे श्रोते लक्षणीयरीत्या घटले. तिथे निदान डिजिटल नभोवाणीचे जाळे तयार होते. इंटरनेटवरच भिस्त ठेवायची म्हटले, तर अडचण आणखी वाढते. मनोऱ्यावरून कार्यक्रम एकदा प्रक्षेपित झाला की ऐकणारे हजार असोत वा दहा लाख, संस्थेचा खर्च तेवढाच राहतो. इंटरनेटवर मात्र श्रोत्यांच्या संख्येबरोबर सर्व्हरवरचा भार आणि त्याचे बिलही वाढते, शिवाय श्रोत्याला डेटासाठी पैसे मोजावे लागतात ते वेगळेच. वादळात वीज गेली आणि काही तासांत मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही उतरल्या, की सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टरच उपयोगी पडतो. शिवाय त्यावर कोण काय ऐकतो, याची नोंद कुठेही होत नाही. आजच्या काळात ही काही लहान सोय नव्हे.

तरुणांसाठीच काढलेल्या ‘बीबीसी थ्री’ या वाहिनीचे नेहमीचे प्रक्षेपण 2016 मध्ये बंद करून ती केवळ इंटरनेटवर नेण्यात आली होती. 2022 मध्ये ती पुन्हा दूरचित्रवाणीवर आणावी लागली. तरुण प्रेक्षकांच्या बाबतीतही हिशेब इतका सरळ नसेल, तर वृद्ध आणि दुर्गम भागांतील श्रोत्यांबद्दल ठाम भाकिते कशाच्या आधारावर केली जातात?

दुसरा मुद्दा संग्रहाचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. अनेक केंद्रांच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर जुने ध्वनिमुद्रण शोधू गेल्यास हाती लागते ती केवळ तारखांची यादी: ‘सायंकाळचे सत्र, भाग 2’. बोलणारे कोण, विषय कोणता, गायिका कोण, साथीला कोण होते, यांपैकी कशाचाच पत्ता नसतो, त्यामुळे एखादी अमोल मुलाखत समोर असूनही सापडत नाही. ध्वनिफितीवरचे मुद्रण संगणकावर उतरवणे हा या कामाचा निम्माच भाग आहे. त्यानंतर विषयाची जाण असलेल्या माणसाने ते कान देऊन ऐकायचे, नावे ओळखायची आणि नोंदी करायच्या असतात. त्यातच जुने करार बहुधा केवळ प्रक्षेपणापुरते केलेले असल्याने कलावंतांची किंवा त्यांच्या वारसांची नव्याने परवानगी घ्यावी लागते. काम किचकट आणि वेळखाऊ आहे, शिवाय उद्घाटनाची फीत कापण्याजोगे त्यात काही नाही. पण फिती दरवर्षी खराब होत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. बीबीसीने 1960 आणि 1970 च्या दशकांत पुन्हा वापरण्यासाठी ज्या टेप पुसून टाकल्या, त्यांवरील कित्येक कार्यक्रम कायमचे गेले.

याउलट मनुष्यबळ खर्ची पडते ते दुसऱ्यांच्या समाजमाध्यमांसाठी अर्ध्या मिनिटाचे तुकडे कापण्यात. (निवेदकाचा आ वासलेला चेहरा चित्रफितीच्या मुखपृष्ठावर का लागतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.) तिथे कोणापर्यंत काय पोहोचवायचे, हे त्या कंपनीचे अल्गोरिदम ठरवते आणि त्यात बदल झाला की केंद्राने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासा होऊ शकतो. ही माध्यमे वापरू नयेत असे नाही, पण संपूर्ण कार्यक्रम आणि त्यांच्या नोंदी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असल्याच पाहिजेत.

पैशाचे कारण पुढे केले जाते. जर्मनीने 2013 पासून प्रसारण शुल्काचा संबंध घरातल्या संचाशी न ठेवता प्रत्येक घराशी जोडला, तर फिनलंडने त्याच वर्षी स्वतंत्र कर लागू केला. उपकरणे बदलली तरी निधीची सोय लावता येते, एवढे त्यावरून दिसते.

माझी सूचना एवढीच आहे की, कोणतेही प्रक्षेपण केंद्र बंद करण्यापूर्वी त्या भागात पर्यायी सेवा प्रत्यक्षात किती घरांत पोहोचते, याची पाहणी जाहीर करावी. तसेच प्रसारण संस्थांच्या वार्षिक अहवालांत ‘व्ह्यूज’च्या आकड्यांशेजारी त्या वर्षी किती तासांच्या संग्रहाच्या नोंदी पूर्ण झाल्या आणि त्यातील किती तास सर्वांना ऐकण्यासाठी खुले झाले, हेही छापावे.

आपला नम्र,
एक नियमित श्रोता