संरक्षण आदेश देशभर लागू, पण प्रत एकाच ठाण्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या भाचीला महाराष्ट्रातील एका न्यायालयाने तिच्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश दिला होता. त्याने तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये आणि तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. पुढे नोकरीनिमित्त ती दुसऱ्या राज्यात गेली आणि काही महिन्यांतच तो तिच्या नव्या कार्यालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला. गेल्या वर्षी आम्ही दोघी आदेशाची नक्कल घेऊन तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांनी कागद उलटसुलट करून पाहिला. आदेश मराठीत होता आणि त्यांना मराठी वाचता येत नव्हते. शिक्काही पुसट उमटलेला होता. हा आमच्या हद्दीतल्या न्यायालयाचा आदेश नाही, तेव्हा जिथे मिळाला तिथेच जा किंवा इथल्या न्यायालयातून नवा आणा, असे सांगून त्यांनी तो परत दिला.

कायदा नेमके याच्या उलट सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम २७ प्रमाणे या कायद्याखाली झालेला कोणताही आदेश संपूर्ण भारतात बजावता येतो. आदेशाचा भंग हा कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा असून तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणाच्याही हद्दीत घडलेला असला तरी, ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे. आमच्या बाबतीत तर गुन्हा त्यांच्याच हद्दीत घडत होता.

मला त्या अंमलदारांचा राग आला, तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या एका कागदावरून त्यांना काय कळणार होते, हा प्रश्नही मी नंतर स्वतःला विचारला. आदेश खरा आहे का, तो आजही अमलात आहे का, की कलम २५ खाली मध्यंतरी बदलला किंवा रद्द झाला, हे जागेवर पडताळण्याची कोणतीही सोय त्यांच्यापुढे नव्हती. कलम २४ प्रमाणे आदेशाची विनामूल्य प्रत दोन्ही पक्षांना, त्या भागात पीडित महिलांना मदतीची सेवा देणाऱ्या संस्थेला आणि ज्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज झाला त्यांच्या हद्दीतील पोलीस ठाण्याला जाते. आदेश लागू देशभर, पण त्याची खबर मात्र एका ठाण्याच्या कपाटात, अशी ही अवस्था आहे. ज्या बाईला आदेशाची सर्वांत अधिक गरज असते, ती बहुतेकदा जीव मुठीत धरून गाव सोडून गेलेली असते आणि तिच्या नव्या पत्त्याच्या ठाण्याला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नसते.

याच अडचणीतून इतर देशही गेले आहेत. ऑस्ट्रेलियात पूर्वी एका राज्याचा आदेश दुसऱ्या राज्यात बाईला स्वतः नोंदवून घ्यावा लागे. २५ नोव्हेंबर २०१७ नंतर दिलेले आदेश सर्व राज्यांत आपोआप मान्य होतात. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने परराज्याचा आदेश आपल्याच न्यायालयाचा असल्याप्रमाणे बजावण्याचे बंधन घातले गेले. मात्र ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली असली पाहिजे, ही रास्त अटही त्यात आहे. युरोपीय संघात ११ जानेवारी २०१५ पासून दिवाणी संरक्षण आदेशासोबत अनेक भाषांत उपलब्ध असलेल्या एकसारख्या नमुन्यातले प्रमाणपत्र दिले जाते, त्यामुळे मूळ निकाल कोणत्या भाषेत आहे यावरून काम अडत नाही. आदेशात जुन्या घराचा पत्ता असेल तर तो नव्या ठिकाणाप्रमाणे जुळवून घेण्याची तरतूद तिथे आहे, आणि नवऱ्याला नोटीस देताना बाईचा ठावठिकाणा कळू नये ही काळजीही त्या नियमातच घेतलेली आहे. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण नव्या न्यायालयात नव्याने अर्ज करा, असे आपण जेव्हा बाईला सांगतो, तेव्हा त्या अर्जावरचा पत्ता समन्सबरोबर आपणच त्याच्या हाती ठेवत असतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. केंद्र सरकारने आपल्या या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक संरक्षण आदेशाची आणि त्यातील बदलाची नोंद देशातील ठाण्यांना जोडणाऱ्या संगणकीय जाळ्यावर, पीडित महिलेचा पत्ता गुप्त ठेवून, करणे बंधनकारक करावे. आदेश रद्द झाला तर तेही तिथे लगेच दिसेल, म्हणजे नवऱ्यावरही विनाकारण कारवाई होणार नाही. आदेशाला हिंदी आणि इंग्रजीतले एक पानी प्रमाणपत्र जोडावे. भंगाचा खटला शक्यतो मूळ दंडाधिकाऱ्यांपुढेच चालावा, असे कलम ३१ म्हणते; त्यातल्या ‘शक्यतो’ या शब्दाचा आधार घेऊन, बाई राहते तिथल्या न्यायालयात तो चालवण्याचे निर्देशही दिले जावेत. एरवी प्रत्येक तारखेला तिला ज्या गावातून ती निघून आली तिथेच परत जावे लागते.

आमच्यापुरते सांगायचे तर वकिलांच्या सल्ल्याने आम्ही आदेशाचे प्रमाणित भाषांतर करून घेतले, त्याला कलम २७ चा मजकूर जोडला आणि पुन्हा त्याच ठाण्यात गेलो, तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. मधले १९ दिवस माझी भाची कार्यालयात मागच्या दाराने ये-जा करत होती.

आपली,
एक वाचक