आमच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यातील माउंटन बाइक शर्यत मी पूर्ण केली, हे दुकानात येऊन तुम्हांला सांगितलेच आहे. परंतु तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि आभाराचा विषय निघताच तुम्ही नेहमीप्रमाणे मान वळवून दुसऱ्या सायकलची साखळी उतरवायला घेतलीत. म्हणून जे तोंडी राहून गेले, ते चार लोकांदेखत लिहून कळवीत आहे.

1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाखल झालेला माउंटन बाइकचा हा क्रॉस-कंट्री प्रकार लांबून पाहणाऱ्याला केवळ दमाचा खेळ वाटतो. चार ते सहा किलोमीटरची फेरी, तिच्यात दगडगोट्यांचे चढ आणि घसरडे उतार, आणि अशा ठरावीक फेऱ्या सर्वांआधी पुऱ्या करील तो विजेता, इतके त्याचे स्वरूप सरळ आहे. दम तर लागतोच. पण सायकल बिघडली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते, कारण नेमून दिलेल्या तांत्रिक क्षेत्राबाहेर घरच्या माणसालाही आपल्या सायकलला हात लावता येत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे पुढचे चाक पंक्चर झाले, तेव्हा त्या क्षेत्रात त्याला चाक बदलून मिळाले आणि मागे पडूनही त्याने सुवर्णपदक मिळवले. आमच्यासारख्या हौशी स्पर्धकांजवळ जादा चाकही नसते आणि ते बसवून देणारा माणूसही नसतो. त्यातच आघाडीच्या स्पर्धकापेक्षा फार मागे राहिलेल्यांना पंच शर्यतीतून बाहेर काढतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेला गेलेले प्रत्येक मिनिट महागात पडते.

सायकलला दुसऱ्याने हात लावायचा नाही हा नियम मी तुम्हांला सांगितला, त्या दिवसापासून तुम्ही माझी सायकल दुरुस्त करणे बंद केलेत. तुमचे उपकार मोजायचे झाले, तर मी ते इथून मोजते. एका मोठ्या दुकानाने पुढचे चाक नवेच घ्यावे लागेल असे सांगितले होते. तेच चाक घेऊन मी तुमच्याकडे आले, तर तुम्ही निपल, म्हणजे आऱ्याचे टोक रिमला धरून ठेवणारी बारीक नळी, फिरवायची चावी माझ्या हातात दिलीत आणि स्टुलावर बसून राहिलात. डिस्क ब्रेकच्या सायकलला रिमजवळ ब्रेकचे रबर नसते, तेव्हा चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, पाहायचा कशावरून, असे मी विचारले. तुम्ही अंगठा चाक धरणाऱ्या फोर्कला टेकवून नख रिमपासून केसभर अंतरावर धरलेत आणि चाक सावकाश फिरवलेत. जिथे रिम नखाला घासली, तिथेच काम करायचे होते. रिम डावीकडे आणायची तर डाव्या बाजूचे आरे आवळायचे, उजवीकडचे तेवढेच सैल सोडायचे, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक चावी फिरवायची नाही. मी घाई केली की तुम्ही काही न बोलता माझ्या हातातली चावी काढून घेत असा आणि चहा सांगत असा. (तो चहा फार गोड असतो, हेही आता लिहूनच टाकते.)

वेताळ टेकडीवर सराव करणाऱ्या आम्हां पुणेकरांना बाभळीच्या काट्यांचे अप्रूप नाही. ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेले सीलंट नावाचे द्रव असे बारीक छिद्र आपोआप बुजवते, आणि काटा आत आहे हे आपल्याला कळतही नाही. तुम्ही आयुष्यभर ट्यूबला ठिगळे लावलीत, सीलंटची बाटली माझ्याकडेच पहिल्यांदा पाहिलीत, आणि तरी त्यातली नेमकी अडचण पहिल्याच दिवशी ओळखलीत: टायर फाटून आत ट्यूब घालायची वेळ आली, तर ते गप्प बसलेले काटे त्या नव्या ट्यूबला भोसकणार. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवायचे, जिथे ते अडकेल तिथला काटा उपटायचा, आणि दगडाने कापलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवायचा. तसा एक तुकडा तुम्ही स्वतः कापून, कडा घासून माझ्या सीटखालच्या पिशवीत घातलात.

शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत तोच तुकडा लागला. उतारावर काळ्या दगडाच्या धारेने मागच्या टायरची बाजू चिरली आणि सीलंट फवाऱ्यासारखे पायावर उडाले. शेजारून स्पर्धक जात होते, पंच घड्याळ पाहत होते, आणि मी खाली बसून फडके फिरवीत होते. दोन काटे निघाले. ते राहिले असते, तर नवी ट्यूबही पुढच्या चढाआधीच पंक्चर झाली असती, आणि पिशवीत दुसरी ट्यूब नव्हती. मला कोणी शर्यतीतून बाहेर काढले नाही. क्रमांक सांगण्यासारखा आला नाही, आणि त्याची मला विशेष खंतही नाही. हात काळे घेऊन शेवटची रेषा ओलांडली, याचा आनंद मात्र अजून ओसरलेला नाही.

आरे, निपल आणि ट्यूब यांचे पैसे तुम्ही घेतलेत. शिकवण्याचे घेतले नाहीत, आणि घेणारही नाही हे मी जाणते. म्हणून पैशांऐवजी एक विनंती करते. आमच्याबरोबर सराव करणाऱ्या तीन मुलींना हे काम शिकायचे आहे. रविवारी दुपारी दुकान बंद असताना त्यांना घेऊन यावे काय, ते कळवावे. चावी त्यांच्या हातात मी देईन. तुम्ही फक्त स्टुलावर बसावे. चहा त्या दिवशी माझ्याकडून, कमी साखरेचा.

आपली नम्र,
मागच्या टायरवाली