पहिलं बाळंतपण माहेरी नको, आई

ती. आई आणि बाबांना,

फोनवर हा विषय निघाला की आई रडते, मग बाबा फोन घेतात आणि "जेवलीस काय" एवढं विचारून ठेवून देतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, मोठ्यानं वाचून दाखवा तिला, चष्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली असणार. आणि मधेमधे थांबून स्वतःची मतं घालू नका.

आई, पहिलं बाळंतपण माहेरी झालं पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील, हे तू धरून बसलीयेस. मी येणार नाही. रागावू नकोस, पूर्ण ऐक.

तारीख ऑगस्टच्या मध्याची दिलीय. त्या दिवसांत आपल्या जांबोटीकडं काय असतं हे मी तुला सांगायचं का? पाऊस थांबत नाही, लाईट दोन-दोन दिवस नसते, एक झाड आडवं झालं की रस्ता बंद, फोनला रेंज हवी तर देवळाच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. खानापूर गाठलं तरी पुढं बेळगावलाच पाठवणार. "दादाच्या वेळी नववा लागलेला असताना मी बैलगाडीतनं गेले होते" हे तू शंभरदा सांगितलंस, पण त्याच घरात चुलतआजीची जाऊ बाळंतपणात गेली हेपण तूच सांगितलंयस, फक्त हळू आवाजात. मी एकोणचाळीसची आहे. पस्तिशीनंतरचं पहिलं बाळ, त्यात आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूबचं, त्यात बीपी कधी वर कधी खाली, म्हणून डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यापासूनच रात्रीची ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू केलीय. शेवटच्या आठवड्यांत बीपी एकदम चढलं तर तासाभरात सिझर करायला लागेल असं त्या स्पष्ट बोलल्यात. रक्तपेढी जवळ पाहिजे, बाळाला काचेत ठेवायची सोय जवळ पाहिजे. बेळगावात आमच्या अनगोळहून दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटं, तेपण फाटक बंद असलं तर.

दुसरं म्हणजे तुझे गुडघे. तू जिना बसून उतरतेस हे मला वहिनीनं सांगितलंय, तिला बोलू नकोस. सहासष्टाव्या वर्षी रात्री चारदा उठून बाळाचे लंगोट बदलणार, पहाटे चुलीवर पाणी तापवणार, माझं पथ्याचं रांधणार, आणि बाबांचं कोण करणार? पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत पडली तेव्हा माहेरची आई चाळिशीची असायची गं. तू माझ्या वयाची होतीस तेव्हा दादा दहावीला आणि मी सातवीला होते. मला उशीर झाला तसा तुलापण आजी व्हायला उशीर झालाय, आणि तो आपण दोघींनी धरूनच चालायला पाहिजे, त्यात लाजायचं काही नाही.

तेल-पाण्याला वडगावच्या एक मावशी ठरवल्यात, आमच्या गल्लीतल्या दोन बाळंतिणींचं त्यांनीच केलं. शेक-शेगडी मात्र नाही. बंद खोलीत कोळसे पेटवायचे आणि बाळाला त्या धुरात ठेवायचं हे मी होऊ देणार नाही. बाळघुटीपण नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही आणि मध तर अजिबातच नाही. तू म्हणशील तुम्ही नाही का जगलात त्याच्यावर. जगलो. तरी नको.

आणि डिंकाचे लाडू. तू डब्बा पाठवलास तो ह्यांनीच संपवला, कारण मला साखर निघालीय, गरोदरपणातली. पाण्यात 75 ग्रॅम ग्लुकोज घालून प्यायला देतात, गोड म्हणजे इतकं गोड की घशाला चिकटतं, आणि ओकायचं नाही, ओकलं की परत पहिल्यापासून. दोन तास बाकावर बसले होते पदर तोंडाला लावून, सिस्टर येता-जाता "कुंद्री अक्कार, कुंद्री", बसा ताई बसा, म्हणत होत्या. आकडा 140 च्या वर गेला. आता नाचणी, भाजी, आमटी, भात मोजून वाटीभर, खानापूरच्या पोरीला वाटीभर भात म्हणजे शिक्षाच आहे. बाळंतपण झालं की बहुतेक उतरते म्हणतात, पण पुढं तपासत राहायचं. तेव्हा साखरेशिवायचे अळीव करून ठेव, ते मी खाईन.

आता बाबा, तुमच्यासाठी. तुम्ही भावकीत कुणी विचारलं की "औषधपाणी केलं, देवानं ऐकलं" एवढंच सांगता. ते चालतं मला, सगळ्यांना सगळं कशाला. पण घरात तरी आयव्हीएफचं नाव घ्यायला घाबरू नका. इंग्लंडात असं पहिलं बाळ जुलै 1978 ला झालं आणि तीनच महिन्यांत आपल्या कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी केलं, त्या साली तुमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं, इतकं जुनं आहे ते. आणि आत्या म्हणते तसं शिक्षणात नि नोकरीत वय घालवलं असं नाही झालेलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ह्यांच्या वर्कशॉपच्या कर्जात गेली हे खरं, पण त्यानंतर आम्ही वाट बघतच होतो. बाईच्या अंड्यांचा साठा जन्मालाच ठरलेला असतो, पस्तिशीनंतर तो भराभर उतरतो, तूप खाऊन वाढत नाही. आणि दोष माझ्या एकटीत नव्हता. ह्यांचापण रिपोर्ट कमी होता, हे आई-बाबांना लिही असं ह्यांनीच सांगितलंय, कारण इतकी वर्षं बोलणी मी खाल्ली. मावशीच्या सुनेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला सगळ्या बायकांना बोलावलं आणि माझ्यापाशी येऊन तबक पुढं गेलं, आई, तू बघितलंस ते, आणि नंतर गाडीत माझ्याशी पावसावर बोलत राहिलीस. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

ह्यांच्याबद्दल एक सांगते. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून येताना हाताला मशीनच्या कूलंटचा वास असतो, कितीही धुतला तरी जात नाही. पोटात घ्यायची इंजेक्शनं फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी ठेवलेली असायची, हा माणूस तीन-तीनदा साबण लावायचा, मग स्पिरिट, आणि लेथवर हात न हलणाऱ्याचा हात सुई धरली की हलायचा. नंतर कमरेत घ्यायची ती तेलकट इंजेक्शनं, त्यांच्या गाठी व्हायच्या, रात्री गरम पाण्याची पिशवी धरून बसायचे. तुम्हाला जावई अबोल वाटतो ना, असू दे.

तुम्ही मागे फोनवर हिशोब केलात, पोर दहावीला जाईल तेव्हा तू पंचावन्नची आणि मी नव्वदीला टेकलेला. हसत केलात, पण मी रात्रभर तोच करत बसले. मी रिटायर होईन तेव्हा ते कॉलेजात असेल. म्हणून आत्तापासून दर महिन्याला थोडे बाजूला टाकतोय, टर्म पॉलिसी काढलीय, आणि तुमचा आरोग्य विमापण ह्या वर्षी बंद पडू द्यायचा नाही, हप्ता मी भरते. बाळ आणि तुम्ही एकाच वेळी माझ्याकडं बघणार आहात, त्याची तयारी मला करायलाच पाहिजे. रजेचं बघितलंय. कायद्यानं 26 आठवडे मिळतात, त्यातले आठच आधी घेता येतात, पण मी पतसंस्थेत शेवटपर्यंत जाणार आणि सगळी रजा बाळासाठी ठेवणार. आशाताई "तायी कार्ड", म्हणजे गरोदर बाईचं नोंदणीचं कार्ड, भरून देऊन गेल्या, सगळं कन्नडात आहे, ह्यांनी वाचून दाखवलं. आणि आत्याला सांगा, मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत विचारायचं नसतं, सांगणारा आणि विचारणारा दोघंही जेलात जातात.

मग आई, तू करायचं काय? यायचं. काम करायला नाही. बारशाच्या आधी आठ दिवस, दादा गाडीनं आणून सोडेल, खालची खोली रिकामी केलीय, जिना नाही, संडास कमोडचा बसवून घेतलाय. तू पलंगावर बसायचं, बाळ मांडीवर घ्यायचं आणि वडगावच्या मावशीला चुका काढायच्या. यल्लम्माचा नवस आहे तुझा, तो बुडवणार नाही, बाळाचं डोकं सावरलं की सौंदत्तीला आपण सगळेच जाऊ, पण तोवर तू एकटी बसनं जायचं नाहीस. लोकांना काय सांगायचं तर डॉक्टरनं प्रवास बंद केलाय म्हणून सांग, ते खरंच आहे.

बाबा, येताना घरचा इंद्रायणी आणू नका, मला बघवणार नाही. नाचणी आणा, दोन पायली. आणि नाव ठेवायचं तुमच्यावर सोडलंय, फक्त पणजीचं नाव परत काढू नका, आत्याच्या दोन्ही पोरींना तेच दिलंय. आईचं काय ठरतं ते रविवारी फोनवर सांगा, ती रडत असली तरी सांगा.

तुमची,
बेबी